शांतवनमास्तरांची वाचा

शांतवनमास्तर मुलांना नावानं हाक मारत नसत, सुरानं मारत. "ए पंचम, खिडकी लाव." "गंधार आज आली नाही का?" हुबळीच्या मिशनच्या शाळेत मी नोकरीला लागले तेव्हा पहिले चार दिवस हजेरीपटावर ही नावं शोधत बसले होते. पाचव्या दिवशी मधल्या सुट्टीत मी त्यांना विचारलं, तर ते इतके हसले की त्यांना ठसका लागला. म्हणाले, "अहो अक्का, नावं आईबापांनी ठेवलेली असतात. सूर पोर स्वतः घेऊन येतं."

मी धारवाडची. विसाव्या वर्षी कपाळ पांढरं झालं, मग वडिलांनी हट्टानं ट्रेनिंगला घातलं, आणि तिथून हुबळीला मराठी तिसरी-चौथी शिकवायला आले. मिशनची शाळा म्हणून आमच्या लोकांत कुजबुज झाली, पण पोट माझं मलाच भरायचं होतं. शाळेच्या मागे शिक्षकांसाठी सहा कौलारू घरांची ओळ होती. तिसरं माझं, चौथं मास्तरांचं. मधली भिंत वर कौलापर्यंत पोचलेली नव्हती, त्यामुळे त्यांच्या घरातलं भांडं पडलं तरी माझ्याकडे ऐकू येई. त्यांची सकाळची आणि संध्याकाळची उपासना मी रोज चुलीपुढे बसून ऐकली. दहा-अकरा वर्षं ऐकली.

मास्तर मूळचे नगरकडचे. उंच, किंचित वाकलेले, धोतरावर काळा कोट आणि डोक्याला रुमाल. बोटं मात्र त्या देहाला न शोभणारी, एखाद्या लहान मुलीसारखी बारीक. त्यांची बायको कृपाबाई गदगची. ती कानडीत बोले, ते मराठीत उत्तर देत, आणि भांडण झालं की दोघं भाषा बदलत. त्यांना एकच मुलगा, सामू.

मास्तरांचं काम शाळेत गायन शिकवणं आणि रविवारी देवळात, म्हणजे त्यांच्या चर्चमध्ये, पेटी वाजवणं. पण त्यांचा जीव होता तो दुसऱ्याच गोष्टीत. रविवारी दुपारी ते बाजाची पेटी सायकलच्या मागे सुतळीनं बांधत आणि गदग रोडकडच्या रेल्वेच्या चाळींत ख्रिस्ती कुटुंबांच्या घरी जात. तिथं वर्कशॉपातून दमून आलेला बाप, चुलीशी आई, अंगणात पोरं. मास्तर सगळ्यांना एका चटईवर बसवत आणि त्यांच्याकडून गाणी म्हणवून घेत. देवळातली मोठी भजनं तिथं नसत. ही गाणी त्यांनी स्वतः रचलेली, चार-चार ओळींची. उठतानाचं गाणं, अंघोळीचं गाणं, दिवा लावतानाचं, ताप आलेल्या पोराच्या उशाशी म्हणायचं. एकदा चर्चच्या पाळकसाहेबांनी त्यांना विचारलं की या बारीकसारीक गाण्यांची गरज काय. मास्तर म्हणाले, "साहेब, देवळात माणूस आठवड्यातून एकदा येतो. हात दिवसातून पाचदा धुतो. प्रभूला पाचदा भेटू दे की."

जेवायला बसतानाचं त्यांचं गाणं तर आमच्या शाळेत सगळ्या जातीधर्माच्या पोरांना पाठ होतं.

कणसामधला दाणा तुझा,
विहिरीमधलं पाणी,
बसलो आम्ही पंगतीला,
ऐक आमची वाणी.

याची चाल त्यांनी कुठून आणली ते कृपाबाईंनी मला सांगितलं होतं. एकदा जवळच्या अमरगोळ गावाहून परत येताना त्यांना एका घरातून दळणाचा आवाज आला आणि त्यावर बाईचं गाणं. मास्तर सायकल टेकवून त्या घराच्या भिंतीला कान लावून उभे राहिले. तासभर. शेवटी त्या बाईचा नवरा काठी घेऊन बाहेर आला. मास्तर दोन्ही हात वर करून कानडीत एवढंच म्हणत राहिले, "हाडु, बरे हाडु." गाणं हवंय, नुसतं गाणं. नवऱ्याला आधी पटेना. मग मास्तरांनी ती चाल त्याला जशीच्या तशी म्हणून दाखवली. तेव्हा तो काठी टाकून हसत सुटला आणि बायकोला हाका मारून बाहेर बोलावून म्हणाला, "बघ गं, तुझं गाणं या म्हाताऱ्याच्या तोंडात कसं दिसतंय!" मास्तर तिथं ताक पिऊन आले.

याच गाण्यावरून एक वकील शाळेत भांडायला आले होते. आमच्यातलेच, देशस्थ. त्यांची मुलगी घरी जेवणाच्या पानावर बसून हे गाणं म्हणू लागली होती आणि शेवटी "प्रभू येशू" असं दोनदा म्हणून हात जोडत होती. वकिलांच्या आईनं त्या दिवशी अन्न वर्ज्य केलं. वकील लालबुंद होऊन गायनाच्या वर्गात शिरले. मी शेजारच्या वर्गातून ऐकत होते. मास्तरांनी त्यांचं सगळं बोलणं उभं राहून ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मुलीला सांगा, त्या जागी तुमच्या देवाचं नाव घाल. माझी हरकत नाही. फक्त मात्रा मोजून घाला, साहेब. चार हव्यात. पोरीचा ताल फार पक्का आहे, तो मोडू नका." वकील दारातच थांबले. त्यांनी बोटांवर काहीतरी मोजलं, आणि गेले. ती मुलगी शाळेत राहिली. तिच्या घरी पुढे कोणतं नाव घातलं गेलं, ते मला माहीत नाही. या उत्तराबद्दल मास्तरांना पाळकसाहेबांची बोलणी मात्र खावी लागली.

असं हे माणूस. सगळ्यांच्या लेकरांशी लोण्यासारखं मऊ. म्हणून सामूची गोष्ट सांगताना मला जड जातं.

सामूचा आवाज देवानं काही वेगळाच दिला होता. मी मंगळवारचा उपास करणारी बाई, पण नाताळच्या उपासनेला नुसतं त्याचं गाणं ऐकायला देवळाच्या पायरीवर बसत असे. सात वर्षांचा होता तेव्हापासून पुढची ओळ तोच उचलायचा. मास्तर त्याला "षड्ज" म्हणत. घरीदारी, सगळीकडे षड्ज. मी त्यांच्या तोंडून "सामू" असं फार क्वचित ऐकलं.

तो तेराचा झाला त्या वर्षीची गोष्ट. नाताळाला दहा-बारा दिवस राहिले होते. शाळेच्या लांब खोलीत सराव चालला होता. पोरांच्या आया, बाप, मी, आणखी एक-दोन शिक्षक, सगळे होतो. सामूनं ओळ उचलली आणि वरच्या सुरावर त्याचा आवाज फाटला. पोरं फिसकन हसली. त्यानं परत उचलली, परत फाटला. मास्तरांनी भात्यावरचा हात उचलला आणि अगदी नेहमीच्या आवाजात म्हणाले, "सामू, तू आता खाली बैस." मग दुसऱ्या एका मुलाकडे बोट केलं. "तू ये पुढे. आजपासून तू षड्ज."

एवढंच झालं. रागावले नाहीत, टोचून बोलले नाहीत. त्यांच्या दृष्टीनं त्यात काही विशेष नव्हतं, आवाज फुटला की मुलगा मागच्या रांगेत जातो, दरवर्षी कुणी ना कुणी जातच असे. पण मी सामूकडे पाहत होते. तो खाली बसला आणि आपल्या गुडघ्यांकडे बघत राहिला. ज्या दिवशी बापानं त्याला पहिल्यांदा सगळ्यांदेखत नावानं हाक मारली, त्याच दिवशी त्याला खाली बसवलं होतं.

त्यानंतर तो गायला नाही. घरच्या उपासनेलाही तोंड मिटून बसे. भिंतीपलीकडून मला दोनच आवाज येत, मास्तरांचा आणि कृपाबाईंचा. मास्तर म्हणत, "म्हण की रे." मास्तर आणखी दोनदा म्हणत आणि मग सोडून देत. मी एकदा धीर करून त्यांना म्हटलं, "मास्तर, त्या सरावाच्या दिवसाचं त्याला लागलंय." त्यांना तो दिवस आठवेचना. खरंच आठवेना. मी सगळं सांगितल्यावर म्हणाले, "अहो, पण आवाज फुटला होता त्याचा." आणि माझ्याकडे असे बघत राहिले, जणू मीच काहीतरी चुकीचं मोजलंय.

सामू मोठा झाला, वर्कशॉपात लागला, आणि लढाई सुरू झाल्यावर एक दिवस फौजेत नाव घालून आला. निघायच्या आदल्या संध्याकाळी भिंतीपलीकडे पहिल्यांदा त्याचा आवाज चढला. "तुम्हाला मी कधी नकोच होतो, बाबा. माझा गळा हवा होता. तो गेला, मग माझं काय काम?" मास्तर काय बोलले ते मला ऐकू आलं नाही. सामू गेला. आईला त्याची पत्रं येत. त्यांत बापाला सलामसुद्धा नसे. कृपाबाईंचं पत्र वाचून होईपर्यंत मास्तर अंगणात उभे राहत आणि मग आत येऊन विचारत, "बरा आहे ना?"

दोन वर्षं अशी गेली. एकदा ते मला म्हणाले, "अक्का, मी त्याला एक पत्र लिहायला घेतलंय. पण ते गाण्यासारखं होतंय. परत लिहितो." ते पत्र पुरं झालं नाही.

पावसाळा संपता संपता एका सकाळी शाळेची प्रार्थना चालू होती. मास्तर पेटीवर. मधेच भलताच सूर लागला. मुलांना वाटलं गंमत आहे. मी पाहिलं, त्यांचा उजवा हात पट्ट्यांवरून घसरून मांडीत पडला होता आणि डावा मात्र भाता मारतच होता. तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं. दवाखान्यात डॉक्टरांनी सांगितलं, अर्धांगवायू. जीव वाचेल, वाचेचं सांगता येत नाही.

वाचा गेली. तीन आठवड्यांनी घरी आणले तेव्हा त्यांना सगळं समजत होतं, माणसं ओळखत होते, पण तोंडातून "आ, आ" याशिवाय काही निघत नव्हतं. कृपाबाई त्यांच्या तोंडाशी तोंड नेऊन विचारत, "एनु बेकु? नीर बेकेनु?" काय हवं, पाणी हवं का? त्यांच्या ओठांची धडपड चाले, गळ्याच्या शिरा फुगत, आणि काहीच येत नसे. मग ते डोळे मिटून घेत.

एका दुपारी मी त्यांच्याकडे पेज घेऊन गेले होते. कृपाबाई त्यांना भरवत होत्या आणि सवयीनं जेवणाचं गाणं पुटपुटत होत्या, "कणसामधला दाणा तुझा." आणि अचानक मास्तरांनी पुढची ओळ उचलली. "विहिरीमधलं पाणी." स्पष्ट. शब्दन् शब्द, सुरात. शेवटपर्यंत म्हणाले. कृपाबाईंच्या हातातला चमचा खाली पडला. त्या धावत ओट्यावर जाऊन ओरडल्या, "बंदद री, मात बंदद!" वाचा आली, वाचा आली! सहाही घरांतली माणसं गोळा झाली. कुणीतरी गूळ आणला.

मी मास्तरांजवळ बसून म्हटलं, "मास्तर, आता नुसतं पाणी म्हणा." त्यांनी तोंड उघडलं. "आ, आ." मी म्हटलं, "गाणं म्हणा." त्यांनी गाणं म्हटलं, त्यात पाणी आलं. "आता फक्त पाणी." आलं नाही. बाहेर लोक आनंदात होते, आणि आत आम्ही दोघं एकमेकांकडे बघत होतो. त्यांना माझ्या आधी कळलं होतं.

डॉक्टर म्हणाले, असं होतं कधी कधी. बोलणं जातं, पाठ असलेलं गाणं राहतं. त्यावर औषध नाही.

मग त्या घरानं त्यातूनच वाट काढली. मास्तर जेवणाचं गाणं म्हणाले की भूक लागली असं समजायचं. अंघोळीचं म्हणाले की गरम पाणी काढायचं. दिवा लावतानाचं म्हणाले की त्यांना आत आणून निजवायचं. ज्या गाण्यांसाठी ते लोकांच्या दारोदार फिरले, त्यांतूनच आता त्यांचं खाणंपिणं भागत होतं. पण माणसाला एवढंच बोलायचं नसतं. कधी ते कृपाबाईंचा पदर धरत, खिडकीकडे, दाराकडे बघत, आणि जे हवं त्याचं गाणंच नसल्यामुळे जेवणाचंच गाणं निघे. कृपाबाई ताट आणत. ते ताट डाव्या हातानं लोटून देत. मानेनं हो-नाही सांगायलाही जमत नसे, हो म्हणायचं असलं की मान आडवी हलायची. त्यावर स्वतःच चिडून हुंदके देत.

मी एक प्रयत्न करून पाहिला. शाळा सुटल्यावर रोज त्यांच्यापाशी बसून त्यांच्याच चालीवर नवे शब्द घालून म्हणायची. "पाठ माझी दुखते आता, उशी द्या हो थोडी." ते माझ्या ओठांकडे एकटक बघत. चाल लागताच त्यांचा चेहरा उजळे, आणि तोंडातून जुनेच शब्द येत. कणसामधला दाणा. वीसदा, तीसदा. लिहायला पाटी दिली, तर डाव्या हातानं नुसत्या रेघोट्या उमटत. एकविसाव्या दिवशी त्यांनी माझ्या हातातली पाटी घेतली आणि जमिनीवर आपटली. मी तुकडे वेचले. त्यांनी डावा हात माझ्या डोक्यावर ठेवला, माफी मागितल्यासारखा, आणि मी दुसऱ्या दिवसापासून नुसती बसायला जाऊ लागले.

नाताळनंतर सामू आला. फौजेतून पाच दिवसांची रजा मिळाली होती. आईच्या पत्रातून त्याला सगळं कळलं होतं. खांद्यावर बोचकं, उन्हानं रापलेला चेहरा. दारातून आत येऊन तो बापासमोर उभा राहिला आणि वाकून पायाला हात लावला. मास्तरांनी त्याचं मनगट धरलं. इतकं घट्ट धरलं की बोटं पांढरी झाली. तोंड उघडलं.

"कणसामधला दाणा तुझा..."

कृपाबाई रडत होत्या. सामू वळून म्हणाला, "भूक लागलीय का बाबांना?"

मास्तरांनी मान हलवली, उभी की आडवी कळलं नाही. परत तेच गाणं. चार ओळी संपल्या की परत पहिल्यापासून. सामूनं स्वतः भात कालवून त्यांना भरवला. ते घास तोंडात धरून बसले, गिळेनात, डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

पुढचे दोन दिवस असेच. सामू समोर आला की मास्तरांची ती धडपड सुरू होई. चौथ्या दिवशी दुपारी सामू त्यांच्या पायाशी बसला होता. मास्तरांनी त्याच्या गळ्यावर हात ठेवला, इथं, कंठमण्यावर, आणि मोठा श्वास घेतला. या वेळी दुसरंच गाणं आलं. शाळा सुटताना मुलांना म्हणायला लावायचे ते.

ऊठ लेकरा, धर वाट,
प्रभू चालतो पुढे,
मागे नको वळून पाहू,
दार त्याचे उघडे.

सामू हळूच उठला. अंगणात आला. मी तिथं वाती वळत बसले होते. म्हणाला, "मावशी, मला जा म्हणतायत."

"नाही रे बाबा, तसं नाही ते. जे तोंडाला येईल ते येतं. त्यात त्यांचा काही हात नाही."

"मग काय म्हणायचंय त्यांना? तुम्ही रोज बसता त्यांच्यापाशी. सांगा की."

मला सांगता आलं असतं. त्या सरावाच्या दिवसाचं त्यांच्या मनात आहे, तुझ्या गळ्यावर हात ठेवला तो म्हणूनच, असं मी म्हणू शकले असते. पण मला ते ठाऊक होतं का? त्यांना तो दिवस तेव्हाही आठवत नव्हता. माझी इच्छा त्यांच्या तोंडी घालायची का, एवढ्या विचारात माझा वेळ गेला. मी म्हटलं, "मला माहीत नाही, सामू." तो म्हणाला, "उद्या सकाळच्या गाडीनं जातो. एक दिवस आधीच."

लढाई संपल्यावर सामू धडधाकट परत आला. तेव्हा मास्तर जाऊन वर्ष होऊन गेलं होतं, आणि मी बदली होऊन केव्हाच धारवाडला आले होते. तो मुद्दाम मला भेटायला आला, चहा घेतला आणि पुन्हा तेच विचारलं. मी त्या वेळेपर्यंत खूप विचार केला होता. तरी माझं उत्तर तेच होतं. त्यानं माझ्यावर राग धरला नाही. धरला असता तर मला बरं वाटलं असतं.

त्या रजेतून तो निघाला त्या दिवशी सकाळी त्याला स्टेशनवर न्यायला टांगा आला होता. माझ्या बदलीचा हुकूम आलेला होता आणि त्याच दिवशी मलाही धारवाडच्या शाळेत रुजू व्हायचं होतं, म्हणून स्टेशनपर्यंत मी त्याच टांग्यात बसले. सामू आत जाऊन बापाच्या पाया पडून आला होता. मास्तर खाटेवर पडून होते. टांगेवाल्यानं लगाम ओढला, आणि दारात हालचाल दिसली. मास्तर उभे होते. कुणाच्या आधाराशिवाय, उजवा पाय फरफटत, दाराच्या चौकटीला खांदा टेकवून. आजारपणानंतर ते असे कधीच उभे राहिले नव्हते. सामूनं टांगा थांबवायला सांगितलं आणि त्यांच्याकडे बघत राहिला.

मास्तरांनी तोंड उघडलं. मला त्यांच्या छातीत भरलेला श्वास दिसला. आणि मग त्यांनी डावा हात वर केला आणि स्वतःच्या तोंडावर दाबून धरला. घट्ट. गळा हलत होता, आतून काहीतरी यायला बघत होतं, आणि ते त्याला येऊ देत नव्हते. डोळे मात्र सामूवर होते.

गाडीची वेळ झाली होती. टांगा निघाला. लॅमिंग्टन रोडच्या वळणापर्यंत मी मागे बघत होते. कृपाबाई त्यांचा हात तोंडावरून काढायला बघत होत्या, एक एक बोट सोडवून, आणि तो हात निघत नव्हता.